शिंगांचा माग काढणारी कुत्री

गाईम्हशींचं शिंग जन्मभर टिकतं. चितळ, सांबर, एल्क अशा हरणांच्या नरांचं तसं नाही. त्यांचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी नव्यानं फुटतं, मखमली कातडीखाली वाढतं, आणि माजाचा हंगाम सरून अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं की मुळाशी सैल होऊन गळून पडतं. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिंगं साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये पडतात. बर्फ विरघळू लागलं की ती शोधत रानोमाळ भटकायचं, हा तिकडे अनेकांचा जुना छंद. माझा जीव मात्र जडलाय तो या कामाला लावलेल्या कुत्र्यांवर. बहीण मिनेसोटात राहते, तिच्या शेजारचे गृहस्थ अशी कुत्री तयार करतात. त्यामुळे हे काम मला जवळून पाहायला मिळालं.

सुरुवात पिल्लापासून होते, आणि खऱ्या शिंगानं होत नाही. शिंगाचं टोक एकदा टाळूला टोचलं की पिल्लू त्या वस्तूचा धसकाच घेतं. म्हणून आधी मऊ रबरी शिंग फेकायचं, आणायला लावायचं, कौतुक करायचं. शिंग मधल्या जाड दांड्याला धरून आणायची सवय लागली की मग खरं शिंग. काही जण पांढऱ्या फळीतून कापलेली शिंगाची आकृती गवतात उभी करतात, म्हणजे कुत्रा नाकाबरोबर डोळ्यांनीही शोधायला शिकतो. दुकानात कुत्र्यांना चघळायला शिंगाचे तुकडे मिळतात. कामाच्या कुत्र्याला ते मुळीच देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. जे आणून मालकाच्या हातात द्यायचं, तेच कोपऱ्यात बसून कुरतडायलाही मिळालं तर कुत्र्यानं काय समजावं?

पण या विद्येचं खरं मर्म वासात आहे. नुकत्याच पडलेल्या शिंगाच्या बुडाशी, जिथं ते कवटीला जोडलेलं होतं तिथं, सर्वांत जास्त गंध असतो. वर्षभर ऊन-पाऊस खाल्लेलं, पांढरं पडलेलं, कॅल्शियम-फॉस्फरससाठी उंदीर-खारींनी कुरतडलेलं शिंग फारच थोडा वास देतं. त्या मानानं माणसाच्या हाताचा वास भरपूर. इथेच घोळ होतो. घरात हाताळलेलं शिंग मालक गवतात टाकतो, कुत्रा धावत जाऊन आणतो, मालक खूश. पुढे खऱ्या रानात नेलं की तोच कुत्रा शिंगाला ओलांडून सरळ पुढे जातो, कारण त्या शिंगाला कुणाचा हातच लागलेला नसतो. इतके दिवस तो शिंग शोधत नव्हता, मालकाचा हात शोधत होता.

यावर त्या शेजाऱ्यांचा बंदोबस्त पाहण्यासारखा. सरावाची शिंगं घराबाहेर, उघड्यावर पडलेली. हात लावायचा तो रबरी हातमोजे घालूनच. पायात रबरी बूट. शिंग ठेवायला चालत गेलं तर पावलांचा माग राहतो, म्हणून ते लांबूनच भिरकावायचे, आणि मग बराच वेळ जाऊ द्यायचे. त्यांची काळी लॅब्राडॉर कुत्री वाऱ्याला आडवी, नागमोडी धावत आली, शिंगाच्या पुढे गेली आणि पळता पळताच तिची मान गर्रकन मागे वळली. शेपटीची लय बदलली. नाक जमिनीला न लावता, डोकं वर ठेवूनच ती वाऱ्याच्या उगमाकडे चालत गेली आणि वाळक्या गवतात रुतलेलं शिंग तिनं उचललं. त्या अवघ्या वेळात मालकानं एक शब्दही काढला नाही. मला हेच सर्वांत आवडलं. कुत्र्याचं नाक चालू असताना माणसानं गप्प बसावं.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डचे नामवंत श्वानप्रशिक्षक टॉम डोकन यांनी 'नॉर्थ अमेरिकन शेड हंटिंग डॉग असोसिएशन' उभारली आणि या हौसेला स्पर्धेचं रूप आलं. मैदानात शिंगं आधीच ठेवलेली असतात. ठरलेल्या वेळात कुत्र्यानं ती शोधून मालकाच्या हातात द्यायची. लॅब्राडॉर पुष्कळ असले तरी नाक आणि आणून देण्याची हौस असलेला कुठलाही कुत्रा चालतो.

शिंगांचा विषय निघाला की वायोमिंगमधलं जॅक्सन आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या चौकाच्या कोपऱ्यांवर एल्कच्या शिंगांच्या कमानी आहेत, पहिली १९५३ सालची. गावाशेजारच्या, १९१२ साली स्थापन झालेल्या एल्कच्या राखीव क्षेत्रात पडलेली शिंगं स्काउटची मुलं गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो आणि उत्पन्नातला मोठा वाटा त्या क्षेत्राकडेच परत जातो.

या छंदाला एक काळी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल मी हळवा आहे. हिवाळ्याच्या शेवटी हरणं अगदी खंगलेली असतात. अशा वेळी कुत्र्यानं त्यांना पळवलं तर उरलीसुरली चरबीही जळते. म्हणून शिंगाच्या वासानं वेडं व्हायचं पण जिवंत हरणाकडे वळूनही बघायचं नाही, ही शिस्त शिंग शोधण्याच्याही आधी हवी. हरणामागे धावणारा कुत्रा कितीही शिंगं आणो, माझ्या लेखी तो तयार नाही. कोलोरॅडोच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी आहे, ती याच कारणानं.

हे वाचून आपला लॅब्राडॉर घेऊन ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या वाटेला लागावंसं वाटेल. कृपा करून तसं करू नका. पूर्वी घरोघरी सहाणेवर सांबरशिंग उगाळलं जायचं, पण आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार झडलेलं शिंगसुद्धा परवानगीशिवाय उचलणं, बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. आपल्याकडे हे नाक दुसऱ्या कामाला लागलंय. 'ट्रॅफिक' आणि 'डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया' या वन्यजीव संस्थांच्या २००८ साली सुरू झालेल्या उपक्रमातून तयार झालेली श्वानपथकं वन्यप्राण्यांच्या अवयवांचा चोरटा माल हुडकतात, आणि महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही अशी कुत्री आहेत. आपल्या कुत्र्याला हा खेळ शिकवायचाच असेल तर रबरी शिंग आणि घराजवळचं मोकळं मैदान पुरेसं आहे. जंगलात शिंग दिसलं तर तिथंच राहू द्या आणि जवळच्या वनरक्षकाला कळवा.