क्रमविकास वृक्ष, संगणकीय
आनुवंशिक साम्यभेदांवरून सजीवांचे वंशसंबंध दर्शविणारी शाखाकृती. नमुन्यांच्या जीनांतील परस्परानुरूप स्थाने जुळवून, आढळलेल्या भेदांची सर्वांत संभाव्य उपपत्ती देणारा वृक्ष शोधतात. दहाच नमुन्यांचे मूळयुक्त द्विशाखी वृक्ष ३,४४,५९,४२५ संभवतात. म्हणून संगणक अपरिहार्य ठरतो. डीएनएकरिता महत्तम संभाव्यतेची व्यवहार्य पद्धती जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९८१ मध्ये मांडली.

केवळ साम्यावरून नाते सिद्ध होत नाही. २०२१ च्या आरंभी महाराष्ट्रात फैलावलेल्या बी.१.६१७ या करोना व्हायरस वंशातील एल४५२आर हे उत्परिवर्तन कॅलिफोर्नियातील वंशात स्वतंत्रपणे उद्भवले होते. वृक्षावर बी.१.६१७ च्या तीन उपशाखा पृथक् दिसल्या. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेला जून २०२१ मध्ये ‘चिंताजनक’ हा शिक्का त्यांपैकी एकट्या डेल्टापुरता मर्यादित ठेवता आला.