रोमा वस्त्यांतली ख्रिस्ती सेवा : एक मागोवा

१९८९ साली पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या आणि दोन गोष्टी एकदमच घडल्या. सरकारी कारखाने आणि सामुदायिक शेती बंद पडू लागली, तेव्हा सगळ्यांत आधी काम गेलं ते रोमा या मूळ भारतीय वंशाच्या समाजातल्या मजुरांचं. त्याच सुमारास सीमा खुल्या झाल्या आणि ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका इथल्या चर्चमधली तरुण मुलंमुली उन्हाळ्याच्या सुटीत रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियातल्या रोमा वस्त्यांवर सेवेसाठी येऊ लागली. या गोष्टीला तीन दशकं उलटून गेली. एवढ्या काळात काय हाती लागलं, हे आता शांतपणे तपासता येतं.

अशा दौऱ्यातला दिवस बहुतेक ठिकाणी एकाच वळणाचा असतो. सकाळी गिटारवर गाणी, मग खेळ, बायबलमधली गोष्ट आणि शेवटी हस्तकला. हस्तकलेत रंगीत मण्यांचं ब्रेसलेट हमखास असतं. काळा मणी पापाचा, लाल ख्रिस्ताच्या रक्ताचा, पांढरा शुद्ध मनाचा, हिरवा वाढीचा, पिवळा स्वर्गाचा. दोऱ्यात मणी ओवताना मुलं पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात. एरवी ज्यांच्या शेजारी बसायला गावातले लोक तयार नसतात, त्या मुलांना ही जवळीक मोलाची वाटते. दुपारनंतर पाहुणे एखादी भिंत रंगवतात, गळकं छप्पर नीट करतात. निरोपाच्या दिवशी दोन्हीकडचे डोळे भरून येतात. त्या आठवड्यातली माया खोटी नसते, हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण ब्रेसलेट घातलेलं ते मूल सोमवारी कुठल्या शाळेत जातं, हे पाहुण्यांना सहसा कळत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांसाठीच्या वेगळ्या शाळांत घातलं जाई. अठरा मुलांच्या वतीनं दावा गुदरला गेला आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं २०२१ साली केलेल्या पाहणीत ८० टक्के रोमा दारिद्र्याच्या छायेत जगताना आढळले, २२ टक्के लोकांच्या घरात नळाचं पाणी नव्हतं. रंगवलेल्या भिंतीनं यातलं काही बदलत नाही.

रोमांना ख्रिस्ती धर्म नवा नाही, हेही या दौऱ्यांत पुष्कळदा विसरलं गेलं. साधारण हजार वर्षांपूर्वी यांचे पूर्वज उत्तर भारतातून निघाले आणि युरोपात पोचल्यावर बहुतेकांनी त्या त्या प्रदेशाचा धर्म आपलासा केला. वालाचिया आणि मोल्डेव्हिया या आजच्या रोमानियातल्या संस्थानांत मात्र त्यांच्या नशिबी गुलामी आली. तिस्माना मठाला रोमांची चाळीस कुटुंबं दान दिल्याची नोंद १३८५ सालच्या दस्तऐवजात आहे. सरदारांकडे गुलाम होते, तसे मठांकडेही होते. ही गुलामगिरी पुरती संपायला १८५६ साल उजाडावं लागलं. पुढच्या शतकात नाझींनी लाखो रोमांचा संहार केला. २ ऑगस्ट १९४४ च्या एका रात्रीत ऑशविट्झ-बिर्केनाऊमधले चार हजारांहून अधिक रोमा मारले गेले. २ जून २०१९ रोजी रोमानियातल्या ब्लाज गावी पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या वतीनं रोमांची क्षमा मागितली, ती या सगळ्या इतिहासाची जाण ठेवून. सेवेला निघणाऱ्या तरुणांना हा इतिहास ठाऊक असायलाच हवा.

मग टिकलं काय? पहिलं उदाहरण १९८९ च्याही आधीचं आहे. क्लेमाँ ल कोसेक हे ब्रिटनी प्रांतातले पेंटेकोस्टल पाळक. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या उपासनांना फ्रान्समधली फिरती रोमा कुटुंबं येऊ लागली. ल कोसेक यांनी त्यांच्यातूनच उपदेशक तयार केले आणि व्यासपीठ त्यांच्या हाती दिलं. द्राक्षतोडणीसाठी फ्रान्सला गेलेल्या स्पॅनिश रोमांनी तोच विश्वास १९६० च्या दशकात स्पेनला नेला. तिथलं फिलाडेल्फिया चर्च आज रोमा पाळकच चालवतात. उपासनेतलं गाणंसुद्धा फ्लामेंकोच्या ढंगाचं, म्हणजे त्यांच्या घरातलं.

दुसरं उदाहरण स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहराच्या कडेला असलेल्या लुनिक नऊ या वसाहतीचं. सुमारे अडीच हजार माणसांसाठी बांधलेल्या या इमारतींत पुढे त्याहून कितीतरी जास्त रोमा दाटीवाटीनं राहू लागले. बिलं थकली, गॅस आणि पाणी तोडलं गेलं, काही इमारती पाडाव्या लागल्या. २००८ पासून सालेशियन धर्मगुरू तिथे मुक्कामाला आहेत. त्यांच्या केंद्रात मुलांचे खेळ आणि गाणीच असतात, पण दुसऱ्या दिवशीही तीच माणसं भेटतात, आजारपणातही आणि मयतीलाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी पोप फ्रान्सिस या केंद्रासमोर उभे राहिले, तेव्हा समोरच्या इमारतींच्या खिडक्याखिडक्यांतून लोक वाकून पाहत होते. माणसांना वेगळ्या वस्तीत कोंडून कुठलाच प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी तिथे बजावून सांगितलं.

स्लोव्हाकियातल्याच तात्याना पोडोलिन्स्का आणि तोमाश ह्रुस्तिच या अभ्यासकांनी २०१० साली रोमा वस्त्यांतल्या धार्मिक कामाचा आढावा प्रसिद्ध केला. जिथे अशा कामानं मूळ धरलं, तिथे मुलांची शाळेतली हजेरी सुधारल्याचं, सावकारी आणि दारू कमी झाल्याचं त्यांना आढळलं. असा बदल आठवडाभरात होत नसतो. वस्तीतल्या लोकांवर विश्वास टाकून वर्षानुवर्षं काम करावं लागतं. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासकांनी २००९ सालच्या ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्‌स’ या पुस्तकात छोट्या दौऱ्यांना हाच इशारा दिला होता : लोक स्वतः करू शकतात ते काम पाहुण्यांनी करून टाकलं, तर त्यांची उमेद खचते.

रोमांनी स्वतः वाट निवडली की काय होतं, हे पाहण्यासारखं एक उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. ते ख्रिस्ती सेवेचं नाही, पण तिला बरंच शिकवून जाणारं आहे. हंगेरीतले रोमा कार्यकर्ते यानोश ओर्शोश आणि त्यांचे सहकारी तिबोर देर्दाक यांच्या वाचनात बाबासाहेबांच्या चळवळीवरचं पुस्तक आलं. दोघे महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध वस्त्यांत फिरले आणि परत जाऊन त्यांनी ‘जय भीम’ हे नाव घेऊन काम उभं केलं. त्यातून शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा निघाली. शाळेतून गळालेल्या रोमा मुलांना पुन्हा परीक्षेला बसवणं, हे तिचं मुख्य काम.

तरुणांनी सेवेला जाऊच नये, असं या मागोव्यातून निघत नाही. वसईपासून अहिल्यानगरपर्यंत आपल्याकडच्या चर्चमधली तरुण मंडळंही पाड्यांवर, पालांवर जात असतात. जावं. निघण्याआधी एवढं मात्र विचारावं : आपल्याला तिथल्या कुणी बोलावलं आहे का? आपण परतल्यावर तिथे कोण राहणार आहे? कामाचा निर्णय कुणाच्या हाती आहे? उत्तरं मिळाली, तर आठवडाही सत्कारणी लागतो. मिळाली नाहीत, तर दौऱ्याचे पैसे वस्तीत कायम राहणाऱ्या कार्यकर्त्याकडे पाठवून द्यावेत, आणि आपल्याच गावातल्या शाळेत वस्तीवरच्या मुलाला कुठल्या बाकावर बसवतात, ते जाऊन पाहावं.