दगड झालेलं शिंगरू

‘घाबरून अगदी दगड झाला बिचारा,’ असं मराठीत सहज बोललं जातं. एका चित्रपुस्तकात मात्र हे खरोखर घडतं. सिल्व्हेस्टर हे गाढवाचं शिंगरू. त्याला वेगवेगळे खडे गोळा करण्याचा नाद असतो. सुट्टीतल्या एका पावसाळी दिवशी त्याला लाल, चकचकीत, गोटीसारखा गोल खडा सापडतो. हा खडा जवळ धरून जी इच्छा करावी, ती पूर्ण होते. आईबाबांना कधी एकदा दाखवतो असं होऊन तो घराकडे निघतो आणि टेकडीवर समोर सिंह उभा राहतो. ‘सिंह नाहीसा होऊ दे’ असं म्हणता आलं असतं, पण घाबरलेल्या डोक्याला तेवढं कुठलं सुचायला? आपण दगड व्हावं, असं त्याच्या मनात येतं आणि तो दगड होतो. खडा बाजूला पडतो. आता तो उचलायला हात नाहीत आणि हाक मारायला तोंड नाही.

विल्यम स्टाइग यांचं हे पुस्तक, ‘सिल्व्हेस्टर अँड द मॅजिक पेबल’, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. स्टाइग हे ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. मुलांसाठी लिहायला त्यांनी वयाच्या साठीत सुरुवात केली. पडद्यावर गाजलेला ‘श्रेक’ही मूळचा त्यांच्याच पुस्तकातला. सिल्व्हेस्टरची गोष्ट पन्नासहून अधिक वर्षं मुलांना वाचून दाखवली जाते आहे. ती इतकी का टिकली, याचं उत्तर जादूपेक्षा मुलांच्या मनात जास्त सापडतं.

मराठी घरांना या गोष्टीतलं काहीच परकं वाटू नये. शिळा झालेली अहल्या आणि लोखंडाचं सोनं करणारा परीस आजीच्या गोष्टींतून सगळ्यांना माहीत असतात. छत्रपती संभाजीनगरहून चितेगाव, बिडकीनमार्गे जाणारा रस्ता पैठणला पोहोचतो. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज याच पैठणचे. ज्या परिसरात गाढवाला एवढा मान मिळाला, तिथेही ‘गाढवा’ ही मुलांना घातली जाणारी रोजची हाक आहे. एक शहाणं, प्रेमळ, आईबाबांचं लाडकं गाढव मुलांना या पुस्तकात भेटतं, हाही त्याचा एक फायदाच.

भीतीनं शरीर थिजतं तेव्हा

संकट आलं की माणूस एक तर लढतो किंवा पळतो, असं शाळेत शिकवलं जातं. तिसरा मार्ग थिजण्याचा आहे. सशासमोर कुत्रा आला की ससा काही क्षण पुतळ्यासारखा बसतो. शिकारी प्राण्याची नजर हालचाल चटकन टिपते, म्हणून न हलणं हेही संरक्षणच आहे. मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याची सूचना देतो, मध्यमेंदूतली केंद्रं स्नायू जागच्या जागी आवळून धरतात आणि हृदयाचे ठोके काही काळ मंदावतात. माणसांतही हे मोजता आलं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये काही जणांना समतोल मोजणाऱ्या फळीवर उभं करून रागावलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. त्या वेळी त्यांच्या शरीराचं नकळत होणारं डुलणं कमी झालं आणि नाडीही मंदावली. नुसत्या रागीट चेहऱ्यानं मोठी माणसं थोडी ‘दगड’ होतात, तर फळ्यासमोर उभ्या केलेल्या सहा वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

‘तोंडात काय गोळा धरलायस? बोल की!’ असं दरडावल्यावर जे मूल आणखी गप्प होतं, त्याचं वागणं बहुतेकदा उद्धटपणाचं नसतं. दरडावणं हाच त्याच्यासाठी नवा सिंह असतो.

काही मुलांमध्ये हे गप्प होणं टिकून राहतं. घरी अखंड बडबड आणि शाळेत मात्र महिनोन्‌महिने एक शब्दही नाही. या त्रासाला ‘निवडक मौन’ म्हणतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेनं त्याची गणना चिंतेच्या विकारांत केली. नाव ‘निवडक’ असलं तरी मूल गप्प बसणं ठरवून निवडत नाही. बोलायचं असतं, पण आवाज फुटत नाही. निदानासाठी हे किमान महिनाभर चाललेलं असावं लागतं आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण नव्या जागी बुजणं स्वाभाविक असतं. शाळेची भाषा मुलाला येत नसेल, तर त्या गप्प राहण्याला विकार म्हणत नाहीत.

चितेगावसारख्या ठिकाणी ही शेवटची अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पैठण रस्त्यावरच्या या औद्योगिक पट्ट्यात कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतूनही कुटुंबं येतात. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी अशी मुलं सुरुवातीला बरेच दिवस नुसती ऐकत असतात. या काळात त्यांच्या डोक्यात नवी भाषा साठत असते. त्यांना ‘मंद’ ठरवणं जितकं चूक, तितकंच घरीही बोलणं कमी झालेल्या मुलाकडे ‘होईल आपोआप’ म्हणून दुर्लक्ष करणंही चूक.

आई दगडावर बसते

गोष्टीतला सर्वांत कठीण भाग पुढे येतो. आईबाबा रात्रभर जागतात, शेजाऱ्यांना विचारतात, पोलिसांकडे जातात. गावातली कुत्री टेकडी हुंगून काढतात, पण दगडाला सिल्व्हेस्टरचा वास कुठून येणार? ऋतू बदलतात, बर्फ पडतं. वसंतात मन रमवायला आईबाबा त्याच टेकडीवर फराळाचा डबा घेऊन येतात आणि आई नेमकी त्याच दगडावर टेकते. तिच्या उबेनं आतला सिल्व्हेस्टर जागा होतो. त्याला सगळं ऐकू येतं, पण बोलता येत नाही.

आईबाबा जवळ नाहीत, ही लहान मुलांची सर्वांत मोठी भीती. बहुतेक बाळांमध्ये ती आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते आणि तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. ताटातुटीचा मुलांवर काय परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्रानं बऱ्याच उशिरा मान्य केलं. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत पूर्वी दाखल मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक निर्बंध असत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. अशी मुलं आधी रडून विरोध करतात, मग खचतात आणि शेवटी अलिप्त होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. परिचारिका ज्याला ‘रुळलं’ म्हणत, ते मूल खरं तर आतून मिटलेलं असे. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानं आईवडिलांना भेटीची पूर्ण मोकळीक देण्याची शिफारस केली. शांत झालेलं मूल सुखी असतंच असं नाही, हा त्यातला धडा घरांनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट इच्छेची. साधारण दोन ते सात या वयात मुलांना आपल्या मनातले विचार बाहेरच्या जगावर परिणाम करतात असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ याला जादुई विचारपद्धती म्हणतात. त्याची एक काळी बाजू असते. ‘मी चिडून आजीला नको म्हणालो, म्हणून ती आजारी पडली,’ असं मूल मनात धरून बसतं आणि कुणाला सांगत नाही. घरात आजारपण, भांडण किंवा मृत्यू घडला की मुलाला ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे स्वच्छ शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सिल्व्हेस्टरची इच्छा चुकली, पण त्याला कुणी दोष दिला नाही. बाबांनी लाल खडा ओळखून दगडावर ठेवला, सिल्व्हेस्टरनं मनात पुन्हा स्वतः होण्याची इच्छा केली आणि तो परत आला. स्वतःच्या अपराधाबद्दल थेट बोलू न शकणारं मूल गाढवाबद्दल मात्र बोलतं. चित्रपुस्तकाचा आधार असतो तो इथे.

टीव्हीच्या गावात चित्रपुस्तक

चितेगावचं नाव देशभर पोहोचलं ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे, म्हणजे टीव्हीमुळे. आता पडदा भिंतीवरून तळहातावर आला आहे. पाळीवरून दमून आलेल्या आईवडिलांनी मुलाच्या हाती मोबाइल देणं समजण्यासारखं आहे. तरी मेंदूच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट पाहणं आणि गोष्ट वाचून घेणं यात फरक पडतो.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जॉन हटन यांनी चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना एमआरआय यंत्रात तीन प्रकारे गोष्टी दिल्या: फक्त आवाज, आवाजासोबत स्थिर चित्रं आणि आवाजासोबत ॲनिमेशन. नुसता आवाज असताना मुलांना अर्थ लावायला जास्त कष्ट पडताना दिसले. ॲनिमेशनमध्ये पाहण्या-ऐकण्याचे भाग खूप कामाला लागले, पण मेंदूच्या वेगवेगळ्या जाळ्यांमधला आपसातला दुवा कमी पडला. स्थिर चित्रांच्या वेळी भाषा, नजर आणि कल्पना यांची जाळी एकमेकांशी सर्वांत चांगली जोडलेली होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण त्याची दिशा इतर अभ्यासांशी जुळते. स्थिर चित्रात सिंह उडी मारत नाही, ती उडी मुलाला स्वतःच मारून घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा. बसून घालवायच्या वेळात मोठ्यांनी मुलाला वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, असंही त्यांत म्हटलं आहे.

वाचून दाखवायला फार शिकलेलं असावं लागत नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालकांना सरळ वाचण्याऐवजी मुलाला प्रश्न विचारत, त्याचं उत्तर थोडं वाढवत गोष्ट पुढे न्यायला शिकवलं गेलं. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं इतर मुलांपेक्षा पुढे गेलं. ‘आता काय होईल? आईला कसं वाटत असेल? तू असतास तर काय मागितलं असतंस?’ एवढे प्रश्न पुरतात. अक्षरं न येणारी आजीही चित्रं पाहून हे करू शकते आणि घरच्या कोणत्याही भाषेत करू शकते.

मराठीत पुस्तकांची वानवा नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ यांच्या गोष्टींची पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची माला आणि प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं आहेतच. ‘प्रथम’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. मोबाइल सुटतच नसेल, तर निदान मांडीवर मूल आणि पडद्यावर स्थिर चित्र, असं तरी करता येतं.

लाल खडा अंगणातलाच

या गोष्टीतला खडा शोधायला मराठवाड्यातल्या मुलांना लांब जावं लागत नाही. इथली जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची, म्हणजे बेसॉल्टची आहे. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिका झिरपून गारगोटी, अकीक असे खडे तयार झाले. लोहाचा अंश असला की त्यांना लाल-तांबूस रंग येतो. सातवाहनांच्या पैठणमध्ये अशाच दगडांचे मणी वापरात होते. नाल्याकाठी जमवलेले खडे धुणं, रंगानुसार लावणं, दोन गारगोट्या अंधारात घासून ठिणगी पाहणं, यात गप्पांना भरपूर वाव आहे. फक्त तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लहान खडे देऊ नयेत, ते घशात अडकतात.

मदत केव्हा घ्यावी

शाळेचा पहिला महिना उलटूनही मूल तिथे अजिबात बोलत नसेल, येणारं बोलणं कमी होत असेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात विकासातला विलंबही पाहिला जातो आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. निवडक मौनावर उपचार आहेत. मुलावर जबरदस्ती न करता आधी खुणा, मग कुजबुज, मग एका मित्राशी बोलणं अशा पायऱ्यांनी ते केले जातात. लवकर सुरुवात केली तर ते सोपे जातात.

तोवर घरात करण्यासारखं काम साधं आहे. सिल्व्हेस्टरच्या आईला दगडाच्या आत आपलं मूल आहे हे माहीत नव्हतं, तरी तिच्या बसण्याची ऊब आत पोहोचली. गप्प झालेल्या मुलाला प्रश्नांची सरबत्ती नको असते. शेजारी बसून कुणीतरी रोज दहा मिनिटं पुस्तक उघडलं, उत्तराची घाई केली नाही, तर बरीच मुलं आपल्या वेळेनं बोलू लागतात.