गोलरक्षकाची जागा

मधल्या सुटींत आमच्या मैदानावर मुलें दोन संघ पाडूं लागलीं म्हणजे एक चमत्कारिक प्रकार नेहमीं दृष्टीस पडतो. प्रथम चपळ मुलें वांटलीं जातात, मग धिप्पाड, मग बऱ्यापैकीं. आणि शेवटीं जो कोणालाच नको असतो, त्याला "जा, तूं गोलमध्यें थांब," असें सांगण्यांत येतें. ज्या जागेवरील एका चुकीचा आंकडा तत्काळ फलकावर चढतो, त्या जागेवर आपण नेमका कमी तयारीचा मुलगा उभा करतों, आणि गोल झाला म्हणजे बोलहि त्यालाच लावतों!

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलावर हा प्रसंग ओढवला. आंतरशालेय सामन्याच्या अगदीं शेवटीं एक साधा, जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून गोलांत गेला. पुढें दोन दिवस तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले आणि म्हणाले, "सर, त्याला खेळवा, पण गोलमध्यें नको. लोक काय काय बोलतात तें ऐकवत नाहीं." मीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, गोलमध्यें उभें कसें राहावें हें त्याला आजवर कोणी शिकविलें आहे काय? ते गप्प राहिले. खरें पाहतां गप्प राहण्याची पाळी माझी होती, कारण तें शिकविण्याचें काम माझेंच होतें. त्या दिवसापासून त्या मुलाबरोबर मी स्वतःहि जें शिकत गेलों, तें येथें इतर मुलांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहीत आहें.

आपल्या करवीर नगरींत फुटबॉलविषयीं अनास्था आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या तालमींची ओळख पूर्वीं जोर, बैठका व कुस्ती यांवरून होई, त्यांच्याच नांवाचे संघ आज शाहू स्टेडियमवर उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे सामने म्हणजे पेठापेठांच्या अभिमानाचा प्रश्न होऊन बसतो. प्रेक्षकांना खेळ कळतो यांत शंका नाहीं. पण गोलरक्षकाचा खेळ पुष्कळांना उडीपुरताच कळतो. एखाद्यानें हवेंत आडवें होऊन चेंडू अडविला कीं टाळ्यांचा कडकडाट होतो. जो अगोदरच योग्य ठिकाणीं जाऊन उभा राहिला, आणि म्हणून ज्याच्या छातीवरच चेंडू आला, त्याला मात्र टाळी नाहीं. वास्तविक उडी ही बहुधा उभें राहण्यांत झालेल्या चुकीची भरपाई असते. तेव्हां नवशिक्यानें उडी मागाहून शिकावी. प्रथम उभें राहण्यास शिकावें.

याचें कारण साध्या मापांत आहे. गोलाची रुंदी ८ यार्ड, म्हणजे २४ फूट, व उंची ८ फूट. मीटरमध्यें सांगावयाचें तर ७.३२ व २.४४. हायस्कुलांतील मुलानें दोन्ही हात पसरले तर त्याची कव साधारणतः त्याच्या उंचीइतकी, म्हणजे पांच-साडेपांच फूट भरते. उरलेले अठरा-एकोणीस फूट कोणी राखावयाचे? उड्या मारून तें साधणार नाहीं. गोलच लहान केला पाहिजे. आणि नियम न मोडतां तो लहान करतां येतो.

रात्रीं वीज गेली म्हणजे मेणबत्ती लावा, आणि तिच्या व भिंतीच्या मध्यें आपला पंजा धरा. पंजा भिंतीजवळ असला कीं सावली पंजाएवढीच पडते. तो हळूहळू ज्योतीकडे न्या. सावली वाढत वाढत सारी भिंत व्यापून टाकते. पंजा तोच, भिंत तीच. बदलली ती केवळ जागा. मैदानावर चेंडू ही ज्योत, गोल ही भिंत, आणि रक्षक हा पंजा होय. चेंडू गोलासमोर १२ यार्डांवर, पेनल्टीच्या खुणेपाशीं, चालत्या खेळांत प्रतिपक्षाच्या पायांत आहे असें समजा. रक्षक गोलरेषेवरच राहिला तर त्याला २४ फूट राखावे लागतात. तो ४ यार्ड पुढें आला तर १६ फूट उरतात. ६ यार्ड पुढें आला तर अवघे १२. निम्मा गोल केवळ सहा पावलांत मिटला! ज्यांना भूमितींतील समरूप त्रिकोणांचा कंटाळा येतो, त्यांनीं हें गणित एकदां कागदावर करून पाहावें.

आम्ही तें मैदानावर दोऱ्यांनीं केलें. गोलाच्या दोन्ही खांबांना एकेक लांब दोरी बांधून दोहोंचीं टोकें चेंडूपाशीं आणलीं. त्या दोऱ्यांच्या आंतूनच गोल होऊं शकतो. मुलानें दोहोंच्या बरोबर मध्यें उभें राहावयाचें आणि दोन्हीकडे हात करून किती जागा उरते तें पाहावयाचें. मग चेंडू उजवीकडे, डावीकडे, कोपऱ्याकडे नेला. प्रत्येक वेळीं त्याची जागा थोडी बदलली. बाजूनें येणाऱ्या चेंडूच्या वेळीं गोल आपोआप अरुंद होतो, मात्र जवळच्या खांबाकडील फट कधींहि उघडी टाकूं नये. तेथून आंत जाणाऱ्या चेंडूला वाट जवळची असते आणि रक्षकाला अवधि कमी मिळतो. पाऊण तासांत त्या मुलाला जें कळलें, तें माझ्या वर्षभराच्या ओरडण्यानें कळलें नसतें.

पुढें येण्यालाहि मर्यादा आहे. फार पुढें आल्यास चेंडू डोक्यावरून जातो. प्रतिपक्षाचा गडी मान वर करून चेंडू पायापाशीं बाळगीत असेल तर धांवूं नये. त्यानें चेंडू थोडा पुढें ढकलला, किंवा मान खालीं घातली, कीं तेवढ्या वेळांत पुढें सरकावें. आणि त्यानें मारण्यास पाय मागें घेतला कीं असाल तेथें थांबावें. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. धांवतें शरीर बाजूला वळूं शकत नाहीं. दोन हात मागें राहिलों तरी चालेल, पण फटका बसतेवेळीं पाय स्थिर हवेत.

हे स्थिर पाय कसे असावेत, हें कोल्हापुरांतील मुलास परक्या पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. खासबागेंत कुस्तीला उभ्या राहिलेल्या मल्लाचा पवित्रा पाहावा. पाय खांद्यांइतके फांकलेले, भार टांचांवर नसून चवड्यांवर, गुडघे सैल, पाठ किंचित् पुढें, हात अंगासमोर उघडे. तो बाजूला सरकतो तेव्हां पायांत पाय अडकवीत नाहीं. एक पाय सरकतो, मग दुसरा. रक्षकानें असेंच सरकावें. फरक एवढाच कीं मल्लाची दृष्टि प्रतिस्पर्ध्यावर, आणि रक्षकाची चेंडूवर. गड्याच्या खांद्यांच्या हुलकावणीकडे पाहाल तर फसाल.

आतां चेंडू धरण्याविषयीं. सरपटत येणाऱ्या चेंडूला केवळ हातांनीं अडविणें ही आमच्या त्या मुलाची चूक होती. हातांच्या मागें नेहमीं शरीराचा दुसरा बांध असावा. चेंडूच्या वाटेवर यावें, एक गुडघा आंत वळवून जमिनीजवळ न्यावा, म्हणजे दोन पायांतील दार मिटतें. बोटें जमिनीला लावून चेंडू तळव्यांवर घ्यावा आणि तसाच छातीशीं कवटाळावा. पोटाच्या उंचीचा चेंडू आई मूल उचलून घेते तसा दोन्ही हातांच्या कवेंत घ्यावा. छातीच्या वरचा चेंडू मात्र डोळ्यांपुढें, हात लांब करून, बोटें पसरून धरावा. दोन्ही अंगठे व तर्जन्या मिळून चेंडूमागें एक त्रिकोण झाला पाहिजे, नाहीं तर तो हातांतून निसटून थेट नाकावर येतो. (हें स्वानुभवानें सांगतों.) जो धरवणार नाहीं तो बाजूला लोटावा, समोर कधींहि नाहीं; कॉर्नर गेला तर गेला. उंच चेंडूभोंवतीं गर्दी असेल तर दोन्ही मुठी एकत्र करून तो दूर ठोसावा.

पडण्याचें शिक्षण निराळें द्यावें लागतें, आणि येथें पालकांचें मन साशंक होणें स्वाभाविक आहे. आपलीं मैदानें हिवाळ्यानंतर दगडासारखीं होतात. कोंपरावर किंवा पोटावर पडणारा मुलगा जखमी होणारच. बाजूवर पडावें: प्रथम पोटरीची बाजू, मग मांडी, मग कंबर, मग खांदा, असा भार जमिनीला वाटून द्यावा. आरंभ गुडघ्यांवर बसून करावा, मग ओणवें राहून, आणि पुष्कळ दिवसांनीं उभ्यानें. जागा मऊ असावी. वाळू किंवा दाट गवत चालेल. तेल, ताक व हळद घालून घोळलेली आखाड्याची तांबडी माती तर याहूनहि चांगली, मात्र वस्तादांची परवानगी घेतल्यावांचून व पायांतील बूट बाहेर काढल्यावांचून तींत पाऊल ठेवूं नये. डोक्याला मार लागून मुलास भोंवळ आली, मळमळूं लागलें, अथवा तो गोंधळल्यासारखा बोलूं लागला, तर त्या दिवशीं त्याचा खेळ संपला. त्याला मैदानाबाहेर घेऊन डॉक्टरांकडे न्यावें, मग सामना कितीहि रंगांत आलेला असो. हलविण्याजोगे लोखंडी गोल जमिनीला घट्ट जखडलेले आहेत कीं नाहींत, हेंहि मोठ्या माणसांनीं आधीं पाहावें.

हात व पाय यांच्या इतकेंच रक्षकाचें काम तोंडाला आहे. सारें मैदान समोरून दिसणारा संघांत तो एकटाच. चेंडू आपण घेणार असूं तर "माझा!" असें स्पष्ट ओरडावें, अर्धवट ओरडण्यानें दोघेहि थबकतात आणि चेंडू मधून जातो. आपल्या गड्याच्या पाठीशीं कोणी आला तर "मागं हाय!" एवढें पुरे. व्याकरणाच्या तासाला हें वाक्य मी खोडीन, पण मैदानावर त्याला पूर्ण गुण देईन. चेंडू हातीं आल्यावर आंधळेपणानें आकाशांत भिरकावूं नये. ज्या बाजूस गर्दी नाहीं तिकडील मोकळ्या गड्याकडे तो हातानें सरळ टाकावा.

नियमांची ओळख थोडक्यांत सांगतों. १९१२ पर्यंत रक्षकाला आपल्या निम्म्या मैदानांत कोठेंहि चेंडू हातानें खेळतां येई; त्या वर्षापासून ही मुभा पेनल्टीच्या चौकटीपुरती उरली. १९९२ पासून आपल्याच गड्यानें पायानें मुद्दाम मागें दिलेला चेंडू हातांत घेण्यास मनाई आहे. २०२५ पासून चेंडू ८ सेकंदांहून अधिक वेळ हातांत ठेवल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. पेनल्टीच्या वेळीं फटका बसेपर्यंत निदान एक पाय गोलरेषेवर किंवा तिच्या मागें हवा. शालेय स्पर्धांत कांहीं फरक केलेले असतात, म्हणून सामन्यापूर्वीं पंचांना विचारून घ्यावें.

उंचीचा प्रश्न मुलें हटकून काढतात. भारताचे पीटर थंगराज, जे १९५६ व १९६० च्या ऑलिंपिकमध्यें आणि १९६२ सालीं जकार्ता येथें सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत गोल राखीत होते, ते चांगलेच उंच होते, ही गोष्ट खरी. परंतु तुमची उंची अजून वाढावयाची आहे, आणि प्रतिपक्षाच्या मुलांचीहि.

आतां ज्याकरितां लेखणी उचलली, त्या गोष्टीकडे येतों. गोल झाल्यावर काय करावें? १९५० सालीं रिओ दि जानेरो येथील माराकाना मैदानावर ब्राझील व उरुग्वे यांच्यांत जागतिक स्पर्धेचा निर्णायक सामना झाला. उरुग्वेच्या पहिल्या गोलाच्या वेळीं घिजिया हा गडी उजवीकडून धांवत आला होता व त्यानें चेंडू मध्यें दिला होता. पुढें तो पुन्हां तसाच आला. ब्राझीलचा रक्षक बार्बोझा यानें तो पुन्हां मध्येंच देईल असें धरून जवळच्या खांबाकडील जागा किंचित् सोडली, आणि चेंडू त्याच फटींतून आंत गेला. ब्राझील २-१ असा हरला. बार्बोझा २००० सालीं वारला. त्या एका गोलाचा दोष लोकांनीं त्याला पन्नास वर्षें दिला. संघांत अकरा जण होते, याची आठवण कोणाला राहिली नाहीं.

दुसरें उदाहरण लेव्ह याशिन या रशियन रक्षकाचें. १९६२ च्या जागतिक स्पर्धेंत त्याचा संघ कोलंबियाविरुद्ध ४-१ असा पुढें होता. मग कॉर्नरचा चेंडू कोणालाहि न लागतां थेट त्याच्या गोलांत गेला, आणि सामना ४-४ असा बरोबरींत सुटला. पुढें चिलीकडून हार झाली. याशिनचे दिवस संपले असें बोललें गेलें. दुसऱ्याच वर्षीं, १९६३ सालीं, युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन द'ऑर हा मान त्यालाच मिळाला. पुरुषांच्या खेळांत त्यापूर्वीं वा नंतर तो कोणाहि गोलरक्षकास मिळालेला नाहीं.

आमच्या त्या मुलाला मीं हीं दोन्ही नांवें सांगितलीं, आणि एक संवय लावली. गोल झाला कीं जाळींतून चेंडू स्वतः काढावयाचा, मध्यभागीं फेंकावयाचा, दोन्ही खांबांना एकेकदां हात लावून आपली जागा पुन्हां मोजावयाची, आणि पवित्रा घ्यावयाचा. चूक कोठें झाली याचा विचार घरीं, संध्याकाळीं, वहींत लिहून. वडिलांनाहि एक काम दिलें. रोज संध्याकाळीं दहा पावलांवरून वीस चेंडू त्याच्याकडे टाकावयाचे, आणि सामन्यांत काठावरून कांहींहि ओरडावयाचें नाहीं. पहिलें त्यांनीं आनंदानें पत्करलें. दुसऱ्याला वेळ लागला. मेणबत्तीचा प्रयोगहि त्यांनीं घरीं करून पाहिला, असें त्या मुलानें मला सांगितलें. त्याच्या धाकट्या बहिणीला तो इतका आवडला कीं मुलींच्या संघांत तीच आतां गोल राखूं म्हणते.

यंदाच्या पहिल्या सामन्यांत त्या मुलावर दोन गोल झाले. तिसऱ्या वेळीं प्रतिपक्षाचा गडी एकटाच चेंडू घेऊन आला. हा पांच पावलें पुढें सरकला, थांबला, आणि जोराचा फटका सरळ त्याच्या छातीवर येऊन बसला. त्यानें चेंडू कवटाळला व उजवीकडच्या गड्याला दिला. मैदानावर कोणी विशेष कांहीं पाहिलें असें दिसलें नाहीं. त्याचे वडील मात्र काठावर उभे राहून टाळ्या वाजवीत होते, आणि शेजारचे गृहस्थ त्यांना विचारीत होते, "अहो, झालें तरी काय?"