आधी कार्ड उलटे करा
अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने फोटो पाठवला. ‘मामा, साठवलेल्या पैशांतून हे घेऊ?’ ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळातले ‘ब्लॅक लोटस’ कार्ड! १९९३ च्या पहिल्या, ‘अल्फा’ छपाईत त्याच्या सुमारे १,१०० प्रती निघाल्या. मंडळी, मी चित्राआधी कडा पाहतो. अल्फाची किनार काळी, कोपरे चांगलेच गोल. त्याच वर्षीच्या ‘अनलिमिटेड’ची किनार पांढरी, भाव उतरता. शिवाय ओरखडा, मुडपलेला कोपरा दिसला की किंमत आणखी घसरते. भाच्याच्या कार्डाची किनार काळी, पण कोपरे संशयास्पद. संग्राहकांसाठी काढलेल्या आवृत्तीचे कोपरे काटकोनी असतात. ती अधिकृत स्पर्धेत चालत नाही, किंमतही खूपच कमी. कोपरे कापून गोल करता येतात; पाठीवरची सोनेरी किनार मात्र लपत नाही. विकणाऱ्याने नेमकी पाठच दाखवली नव्हती. ‘पाठीचा फोटो मागव,’ मी कळवले. तो अजून आलेला नाही.