तरुण घोड्याचे खोगीर-प्रशिक्षण : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
घोड्यास स्वारीसाठी तयार करणाऱ्याला मराठीत ‘चाबूकस्वार’ म्हटले जाते. धाक हेच प्रशिक्षणाचे साधन, अशी एक समजूत आढळते. तथापि इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी व लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात निराळी भूमिका मांडली होती. शिंगरू शिक्षकाकडे सोपविण्यापूर्वी ते माणसाळलेले असावे, त्यास गर्दीतून व गोंगाटातून न्यावे आणि ते बुजल्यास मारू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. या संयमाचा शास्त्रीय आधार स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शारीरिक पक्वता :
हाडांची लांबी त्यांच्या टोकांजवळील कूर्चेच्या थरांतून वाढते. पुढील पायाच्या गुडघ्यावरील थर साधारणतः अडीच वर्षांपर्यंत अस्थिमय होतो; पाठीच्या मणक्यांतील थरांना मात्र पाच ते सहा वर्षे लागतात. स्वाराचे ओझे नेमके याच पाठीवर येते. बेताचा व्यायाम तरुण हाडांना पोषक असला, तरी व्यायाम आणि भारवहन यांत भेद करणे आवश्यक ठरते.

शिकण्याची प्रक्रिया :
घोडा हा मूलतः भक्ष्य प्राणी असल्याने पाठीवरील अनोळखी भार त्यास संकटासमान वाटतो. लगामाचा किंवा पायाचा दाब ही त्याच्यासाठी केवळ सूचना असते. योग्य प्रतिसाद मिळताच दाब सैल झाला, तरच तिचा अर्थ त्यास उमगतो. दाब कायम राहिल्यास तो प्रतिकार करतो वा बधिर होतो. जबरदस्तीने बांधून खोगीर घातलेला घोडा अखेरीस शांत दिसतो. परंतु ही शांतता अनेकदा शिक्षणाची नसून हताशेची असते. अशा घोड्याची दबलेली भीती पुढे अनपेक्षित प्रसंगी उसळते आणि स्वाराच्या जिवावर बेतते.

प्रशिक्षणाचे टप्पे :
प्रथम अंगावर हात फिरवू देणे, पाय उचलू देणे व दोरीने मागे चालणे यांची सवय लावावी. त्यानंतर लांब दोरीवर दोन्ही दिशांनी फिरवून आवाजी सूचना शिकवाव्यात. खोगीर आधी हुंगू द्यावे, मग पाठीवर ठेवावे. तंग एकदम न आवळता क्रमाक्रमाने आवळावा. मागून लांब लगाम धरून चालविल्यास वळणे व थांबणे स्वाराविना शिकविता येते. पुढे स्वाराने पाठीवर केवळ ओणवे होऊन भार द्यावा व घोडा स्वस्थ राहिल्यासच बसावे. प्रारंभीची स्वारी थोड्या मिनिटांची असावी. कान मागे पाडणे, शेपटी आवळणे, श्वास रोखणे ही चिन्हे दिसल्यास मागील टप्प्यावर परतावे.

निष्कर्ष :
प्रशिक्षणाची गती दिनदर्शिकेवरून नव्हे, तर घोड्याच्या प्रतिसादावरून ठरविणे इष्ट होय. आरंभी दिलेले काही महिने त्याच्या पुढील कार्यक्षम आयुष्याचा व स्वाराच्या सुरक्षिततेचा पाया ठरतात.