श्वास आधी थांबतो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या भागातील एक कुटुंब मजुरीसाठी हैदराबादेस जाऊन राहिले होते. कामानिमित्त मी त्या शहरी गेलो असता त्यांच्या बिऱ्हाडी भेटीस गेलो. थोरला मुलगा आतल्या खोलीत निजला होता. तीन आठवड्यांपूर्वीच तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतला होता आणि आईच्या मुखावर पुष्कळ दिवसांनी समाधान दिसत होते. मुलाच्या घोरण्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता; लांब, ओढलेला, मध्येच तुटणारा.

"फादर, लेकरू दमून आलंय. आशीर्वाद घ्यायला उठवू का?" आईने विचारले.

"नको, झोपू द्या त्याला," असे मीच म्हणालो.

अर्ध्या तासाने आई आत गेली तेव्हा घोरणे थांबले होते. मुलाचे ओठ निळे पडले होते, हातपाय गार झाले होते. इस्पितळ गाठेपर्यंत सारे संपले होते.

वाचकहो, ते घोरणे झोपेचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले. तो मुलगा पूर्वी घेत असे तेवढीच मात्रा त्याने त्या दिवशी पुन्हा घेतली होती. परंतु केंद्रातील मुक्कामात शरीराची सवय मोडली होती. जी मात्रा पूर्वी त्याला पचत असे, तीच आता प्राणघातक ठरली. व्यसन सोडून घरी आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

अफू आणि अफूच्या जातीची औषधे, म्हणजे हेरॉइन, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल इत्यादी, मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला गुंगी आणतात. मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो, अडखळतो आणि अखेर बंद पडतो. हृदय त्यानंतरही काही काळ धडधडत असते. श्वास थांबल्यावर चारपाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. माणूस वाचायचा तो याच अवधीत.

श्वासाकडे लक्ष द्या, हे एकदा हैदराबादनेच साऱ्या जगाला बजावले होते. क्लोरोफॉर्मची भूल देताना रोगी का दगावतात, याविषयी त्या काळी वैद्यकात मोठा वाद चालू होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ या वर्षी दोन 'क्लोरोफॉर्म कमिशने' बसली. दुसऱ्या कमिशनासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन मुद्दाम हैदराबादेस आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून कमिशनाने निष्कर्ष काढला की, हृदयापूर्वी श्वास थांबतो. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवावी. क्लोरोफॉर्मच्या बाबतीत हा निष्कर्ष अपुरा असल्याचे १९११ च्या सुमारास लेव्ही नामक डॉक्टरांनी दाखवून दिले. काही वेळा हृदयच अकस्मात बंद पडते. अफूच्या औषधांना मात्र तो नियम आजही लागू आहे. येथे श्वासच आधी जातो.

आणि गेलेला श्वास परत आणणारे औषध आहे. त्याचे नाव नॅलोक्झोन. जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टीन या अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी ते सुमारे १९६१ साली तयार केले, आणि १९७१ मध्ये तेथील सरकारने त्यास मान्यता दिली. परक्याच्या घरात शिरून बसलेल्या माणसाला उठवून धन्याने आपली जागा परत घ्यावी, तसे हे औषध मेंदूतील अफूच्या द्रव्याला बाजूस सारते. श्वास बहुधा दोनतीन मिनिटांत परत येतो. नॅलोक्झोनची नशा चढत नाही आणि सवयही लागत नाही. मन खिन्न करणारी गोष्ट ही की, खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. औषध जगात होते. त्या मुलाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. औषध असणे आणि ते वेळेवर हाताशी असणे, यांत जीवन-मरणाचे अंतर आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी कित्येक देशांनी नेहमीच्या औषधांच्या दुकानांचीच मदत घेतली. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून दुकानदार डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून नॅलोक्झोन देऊ लागला आणि २०२२ च्या जुलैपासून ते विनामूल्य मिळू लागले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात दुकानांतून त्याचे फुकट संच वाटले जातात. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नाकात फवारण्याचे नॅलोक्झोन चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितले होते की, असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांदेखत घडण्याचा संभव आहे, त्या घरच्या माणसांच्या व मित्रांच्या हाती हे औषध असावे आणि ते कसे द्यावे हे त्यांना शिकवावे.

आपल्या देशात काय स्थिती आहे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दोन कोटींहून अधिक लोक अफूच्या जातीचे पदार्थ सेवन करतात. नॅलोक्झोन आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. परंतु ते इंजेक्शनच्या रूपात, मुख्यतः मोठ्या इस्पितळांत व शस्त्रक्रियागृहांत असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही आणि गावच्या मेडिकलमध्ये सहसा ठेवलेलेच नसते. इस्पितळ कोसावर आणि मिनिटे चारपाच! गावात रात्री उशिरापर्यंत दिवा असतो तो मेडिकलमध्ये. तेथला माणूस औषधे जाणणारा असतो आणि प्रत्येक घर त्याच्या ओळखीचे असते. त्याच्या कपाटात हे औषध असावे आणि ते देण्याचे शिक्षण व अधिकार त्याला मिळावेत, ही मागणी अवाजवी आहे काय?

"औषध जवळ असले म्हणजे व्यसनी माणूस अधिकच निर्धास्त होईल," असा आक्षेप मी ऐकला आहे. विहिरीच्या काठावर दोर ठेवला म्हणून कोणी विहिरीत उडी घेत नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील १९ वस्त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे लोकांना नॅलोक्झोन देऊन त्याचे शिक्षण दिले गेले, तेथे अतिमात्रेचे मृत्यू कमी आढळले. आणि मेलेल्या माणसाला पश्चात्ताप करण्यास अवधी कोठून मिळणार?

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मॉर्फिन हे पापाचे औषध नव्हे. हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेत वेदनेने तळमळणाऱ्या रोग्यांना ते दिले जाते आणि त्यांचे शेवटचे दिवस सुसह्य होतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते निर्भयपणे द्यावे. मात्र बाटली कुलपात ठेवावी. मुलांच्या हाती ती लागू नये.

नॅलोक्झोनलाही मर्यादा आहेत. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीने काही जणांचे प्राण गेले. तेलंगणात अशा ताडीत अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे मिसळली जातात. ती औषधे व दारू यांवर नॅलोक्झोन चालत नाही. तरीही नेमके काय घेतले हे ठाऊक नसेल, तर ते दिल्याने सहसा अपाय होत नाही.

औषध हाती येईपर्यंत आपण काय करावे? कोणी विचित्र घोरत असेल, हाक मारून वा छातीचे हाड बोटांनी जोराने चोळूनही जागा होत नसेल, श्वास मंद आणि ओठ निळे असतील, तर त्याला झोपू देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा. ही सेवाही हैदराबादेतच १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. तोंड साफ करा, हनुवटी वर उचला, नाक दाबून दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. श्वास परतला की कुशीवर निजवा. नॅलोक्झोनने शुद्ध आली तरी इस्पितळात न्याच. कारण त्याचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

ज्यांच्या घरी कोणी मॉर्फिनवर आहे किंवा केंद्रातून परतले आहे, त्यांनी नॅलोक्झोनविषयी आपल्या डॉक्टरांना लाज न बाळगता विचारावे. येत्या आठवड्यात गावच्या मेडिकलवाल्यालाही विचारावे, "हे औषध तुमच्याकडे आहे का? नसेल तर आणता येईल का?" ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्रातही हाच प्रश्न मांडावा. त्या दिवशी मी आईला "झोपू द्या" म्हणालो, ते शब्द मला अजून विसरता येत नाहीत. तुमच्यापैकी कोणावर तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.